खेळण्याने जखमी झालेल्या पोपटाची निगा

आमच्या टिकूच्या पायाला झालेली इजा मला सकाळी पावणेसात वाजता दिसली, पण ती रात्रीच कधीतरी झाली होती. पिंजऱ्यात टांगलेल्या सुती दोरीच्या झोक्याचा एक धागा सुटला होता, तो त्याच्या डाव्या पायाच्या मागच्या बोटाभोवती तीन-चार वेढे घेऊन बसला होता आणि सुटण्यासाठी त्याने दिलेल्या प्रत्येक हिसक्याबरोबर अधिकच आवळत गेला होता. बोट जांभळे होऊन फुगले होते. धागा दिसतही नव्हता. दिसत होती ती फक्त कातडीत रुतलेली एक रेघ. टिकू हा कॉकटिएल आहे, म्हणजे डोक्यावर तुरा आणि गालावर नारिंगी टिकली असलेला, मूळचा ऑस्ट्रेलियातला छोटा पोपट. त्याचे वजन ९२ ग्रॅम. तो पूर्ण बरा व्हायला सात आठवडे लागले. त्या काळात पक्ष्यांच्या डॉक्टरांकडून जे समजून घेतले आणि स्वतःच्या हाताने जे करावे लागले, ते इथे सविस्तर मांडते आहे, कारण अशी वेळ आली तेव्हा मराठीत वाचायला मला फारसे काही सापडले नव्हते.

सुरुवातीलाच सांगण्याची गोष्ट ही की जखमी पक्ष्याच्या बाबतीत आपल्या नजरेवर विसंबू नये, मोजमापावर विसंबावे. पोपट हे थव्याने राहणारे आणि शिकारी पक्ष्यांना बळी पडणारे जीव आहेत. थव्यात जो लंगडतो किंवा मरगळतो, त्याच्यावर ससाण्याची नजर आधी पडते. त्यामुळे दुखणे लपवणे हा त्यांच्या स्वभावाचाच भाग झालेला आहे. आपण समोर उभे राहिलो की तो पिसे आवळून ताठ बसतो, दाणा उचलल्यासारखे करतो, आणि आपल्याला वाटते की बरा दिसतो आहे. आपली पाठ वळली की तो पुन्हा पिसे फुगवून डोळे मिटतो. म्हणून रक्ताचे थेंब, वजनाचे ग्रॅम, विष्ठेचे ठिपके आणि पिंजऱ्यातले तापमान या चार गोष्टी मोजता आल्या, तर पक्षी जे लपवतो ते बरेचसे कळते.

पहिली दहा मिनिटे

पक्षी खेळण्याला लटकलेला दिसला की पहिला मोह होतो तो त्याचा पाय ओढून सोडवण्याचा. तो आवरला पाहिजे. आधी एक तळहात त्याच्या अंगाखाली धरून त्याचा सगळा भार हातावर घ्यावा, कारण उलटा लटकलेला पक्षी पंख फडफडवतो आणि त्या हिसक्यांनी पायाचे हाड मोडू शकते किंवा सांधा निखळू शकतो. मग कात्रीने खेळणे कापावे. पाय खेळण्यातून काढायला बसू नये. खेळण्याचा जेवढा तुकडा पायाला अडकला आहे तेवढ्यासकट पक्षी खाली घ्यावा. साखळीच्या कडीत किंवा घुंगराच्या फटीत बोट अडकले असेल तर ते घुंगरू तसेच राहू द्यावे आणि तसाच त्याला डॉक्टरांकडे न्यावे. कडीत चोच अडकली असेल तर हे आणखी काटेकोरपणे पाळावे, कारण चोच वरून शिंगासारखी कडक दिसत असली तरी आत जिवंत हाड आणि रक्तवाहिन्या असतात.

याच वेळी घरातल्या दुसऱ्या कोणीतरी छताचा पंखा बंद करावा, खिडक्या लावाव्यात आणि दिवा मंद करावा. आपल्याकडे घाबरून सुटलेल्या पक्ष्याला खेळण्यापेक्षा चालू पंख्याचा धोका मोठा असतो. अंधुक उजेडात पक्षी शांत होतो, हाही फायदा आहे.

पक्ष्याला धरायचे कसे, हे नीट समजून घेण्यासारखे आहे. माणसाच्या छातीखाली श्वासपटल नावाचा स्नायूंचा पडदा असतो. तो खालीवर झाला की श्वास चालतो. पक्ष्यांना असा पडदा नसतो. त्यांच्या अंगात फुप्फुसांना जोडलेल्या हवेच्या पिशव्या असतात, बहुतेक जातींत नऊ, आणि छातीचे हाड पुढेमागे हलले की त्या पिशव्या लोहाराच्या भात्यासारख्या भरतात व रिकाम्या होतात. भात्याची फळी दाबून धरली तर वारा थांबेल. तसेच पक्ष्याची छाती मुठीत आवळली तर नाक-तोंड मोकळे असूनही तो गुदमरतो. म्हणून मऊ, धागे न सुटलेला छोटा टॉवेल पाठीवरून टाकून पंख अंगाशी मिटवावेत, अंगठा आणि तर्जनी जबड्याच्या खाली मानेच्या दोन्ही बाजूंना हलकेच टेकवाव्यात, आणि छातीवर बोटांचा भार अजिबात पडू देऊ नये. दोन मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागत असेल तर त्याला सोडून विसावू द्यावे आणि मग पुन्हा धरावे.

टिकूला मी असा टॉवेलमध्ये घेऊन बसले होते तेव्हा सासूबाई आतून हळदीचा डबा आणि खोबरेल तेल घेऊन आल्या. “अगं, आधी हळद लाव, रक्त थांबेल,” त्या म्हणाल्या. त्यांच्या हाताने घरातल्या सगळ्यांच्या जखमा बऱ्या झालेल्या आहेत, त्यामुळे त्यांना नाही म्हणणे मला जड गेले. “आई, तेल नको, पिसांना लागेल,” एवढेच मी त्या क्षणी म्हणू शकले. पक्ष्याची पिसे एकमेकांत सूक्ष्म आकड्यांनी गुंतलेली असतात आणि त्या विणीमध्ये अडकलेली हवा त्याला ऊबदार ठेवते. तेल, तूप, व्हॅसलिन किंवा कोणतेही चिकट मलम लागले की ती वीण मोडते, पिसे चिकटतात आणि अंगातली ऊब निघून जाते. शिवाय चोचीने साफसफाई करताना ते सगळे पोटात जाते. जखमी पक्ष्याला नेमकी ऊबच सर्वांत जास्त हवी असते. जखम धुवायला औषधाच्या दुकानात मिळणारे सलाईन सर्वांत चांगले. ते नसेल तर उकळून कोमट केलेले पाणी चालते. स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा घरगुती जंतुनाशकांचे कडक द्रव वापरू नयेत; त्यांनी जंतूंबरोबर भरून येणारी नवी कातडीही जळते.

धागा बोटाला काय करतो

पोपटाच्या पंजाला चार बोटे असतात, दोन पुढे वळलेली आणि दोन मागे. या रचनेमुळे तो काठीला घट्ट पकडतो, पण त्याच रचनेमुळे बोटाभोवती गेलेला धागा सहजी सुटून निसटत नाही. बोटात रक्त आणणाऱ्या धमन्यांच्या भिंती जाड असतात आणि त्यांच्यातला दाबही जास्त असतो. रक्त परत नेणाऱ्या शिरा मात्र पातळ आणि मऊ असतात. धागा आवळला की आधी शिरा दबतात. रक्त आत येत राहते, बाहेर जात नाही, म्हणून बोट सुजते. सुजल्यामुळे धागा आणखी रुततो, रुतल्यामुळे सूज आणखी वाढते, आणि शेवटी धमनीही बंद पडते. सुजलेल्या बोटात अंगठी अडकते तेव्हा असेच होते, पण अंगठी रुंद असते आणि धागा सुरीच्या पात्यासारखा कातडी चिरत जातो. बोट आधी लाल, मग जांभळे, मग गार आणि शेवटी काळे व कोरडे पडते.

धागा वरवर असेल, दिसत असेल आणि बोटाचा रंग बदललेला नसेल, तर भिंग, चांगला उजेड आणि बोथट टोकाची बारीक कात्री घेऊन तो घरी कापता येतो. कात्रीचे पाते बोटाच्या बाजूने सरकवावे, आणि एका वेळी एकच वेढा कापावा. कापलेला धागा ओढताना अडला तर थांबावे, कारण तो कातडीत गेलेला असण्याची शक्यता असते. धागा दिसतच नसेल, बोट जांभळे असेल किंवा पक्षी स्वतःच्याच बोटाला चावत असेल, तर घरी प्रयत्न करू नये. टिकूच्या बोटातला धागा डॉक्टरांनी त्याला वायूने भूल देऊन, भिंगाखाली, तीन तुकड्यांत काढला. त्यातला एक तुकडा मी पाहिला. तो तांदळाच्या दाण्याएवढाही नव्हता.

रक्त किती गेले

पांढऱ्या कागदावर रक्ताचे पाच-सहा थेंब पडले की पाहणाऱ्याला ते फार वाटतात. इथे हिशोब कामाला येतो. पक्ष्याच्या वजनाच्या साधारण दहा टक्के रक्त त्याच्या अंगात असते. ९० ग्रॅमच्या कॉकटिएलमध्ये ते सुमारे ९ मिलिलिटर, म्हणजे दोन चहाच्या चमच्यांपेक्षा थोडे कमी. ३० ते ३५ ग्रॅमच्या बजरीगरमध्ये (आपण ज्यांना लव्हबर्ड म्हणून विकत आणतो ते पुष्कळदा बजरीगरच असतात) जेमतेम ३ मिलिलिटर. एका मिलिलिटरमध्ये अंदाजे २० थेंब मावतात. निरोगी पक्षी वजनाच्या एक टक्क्याइतके रक्त गेले तरी सहसा सावरतो. कॉकटिएलसाठी हे जवळजवळ १८ थेंब झाले, बजरीगरसाठी सहा-सात. त्याहून जास्त गेले असेल, किंवा हलका दाब देऊनही पाच-दहा मिनिटांत रक्त थांबत नसेल, तर लगेच निघावे.

नख तुटून रक्त येत असेल तर नखाच्या टोकावर कॉर्नफ्लोअर किंवा औषधाच्या दुकानातली रक्त थांबवणारी भुकटी दाबून धरता येते. ती भुकटी उघड्या मांसावर किंवा कातडीच्या जखमेवर टाकू नये; तिने ऊतींना भाजल्यासारखी इजा होते. कातडीवर स्वच्छ कापडाच्या घडीने नुसता दाब पुरतो. नवीन उगवणाऱ्या पिसाच्या दांडीत रक्त असते, आणि खेळण्यात अडकून ती दांडी मोडली तर रक्त बरेच वाहते. असे पीस उपटावे असा सल्ला पूर्वी सर्रास दिला जाई. तो घरी मुळीच अमलात आणू नये. उपटताना फार वेदना होतात आणि पिसाच्या मुळालाही कायमची इजा होऊ शकते. दाब द्यावा, भुकटीच्या ऐवजी कॉर्नफ्लोअर लावावे आणि पुढचे डॉक्टरांवर सोपवावे.

डॉक्टर आणि औषधे

सगळे पशुवैद्य पक्षी तपासत नाहीत, त्यामुळे “तुम्ही पक्षी बघता का?” हे फोनवर आधी विचारावे, आणि खरे तर पक्षी आजारी पडण्याआधीच हा नंबर घरात लिहून ठेवावा. माझी पहिली धावपळ त्यातच फुकट गेली. घराजवळच्या दवाखान्यात कुत्र्या-मांजरांशिवाय काही घेत नव्हते आणि हे मला दारात गेल्यावर कळले. जवळ कोणी मिळत नसेल तर पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चौकशी करावी. मुंबईत परळचे महाविद्यालय १८८६ पासूनचे आहे. नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ इथेही अशी महाविद्यालये आहेत. नेताना पक्षी छोट्या खोक्यात, तळाला घडी केलेले कापड घालून न्यावा. मोठ्या पिंजऱ्यात तो वाटेत आपटत राहतो. ज्या खेळण्याने इजा झाली ते सोबत न्यावे. त्याचा एखादा तुकडा गायब असेल तर डॉक्टरांना ते कळणे महत्त्वाचे असते, कारण जस्ताचा मुलामा दिलेल्या कड्या, स्वस्त घंटांचे लोलक आणि डाग देऊन (सोल्डर करून) जोडलेले धातूचे तुकडे यांतून जस्त किंवा शिसे पोटात जाते आणि त्याची विषबाधा जखमेपेक्षा घातक ठरते. उलट्या, पातळ हिरवी विष्ठा, तोल जाणे किंवा झटके येणे ही तिची लक्षणे आहेत. असा धातू एक्स-रेमध्ये दिसतो आणि त्यावर औषधही आहे, मात्र वेळ दवडता येत नाही.

हे लिहिताना एक गोष्ट बाजूला ठेवता येत नाही. आपल्या झाडांवरचा हिरवा, गळ्यात लाल-काळा कंठ असलेला देशी पोपट पाळणे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार गुन्हा आहे, आणि तरीही तो पुष्कळ घरांत असतो. कारवाईच्या भीतीने अशा जखमी पोपटाला डॉक्टरांकडे नेलेच जात नाही, आणि त्याची शिक्षा तो बिचारा पक्षी भोगतो. महाराष्ट्र वन विभागाचा १९२६ हा मदत क्रमांक आहे. जखमी देशी पोपट हाती आला तर तिथे कळवावे आणि उपचार मिळवून द्यावेत.

औषधांबद्दल मात्र फार सावध राहावे. घरातली ताप-दुखीची गोळी किंचित कुटून पाण्यात द्यावी, असे सुचवणारे भेटतातच. पक्ष्यांचे शरीर औषधे आपल्यासारखी पचवत नाही, आणि याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्याच देशात घडलेले आहे. गुरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे साधे वेदनाशामक मेलेल्या जनावरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेले, त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली, आणि १९९० च्या दशकापासून काही जातींची गिधाडे भारतातून जवळजवळ नाहीशी झाली. २००६ मध्ये भारताने जनावरांसाठी त्या औषधावर बंदी घातली. पर्याय म्हणून मेलॉक्सिकॅम पुढे आले, आणि पोपटांच्या वेदनेसाठी डॉक्टर पुष्कळदा तेच वापरतात. पण त्याचा डोस पक्ष्याच्या जातीवर, वजनावर आणि त्याच्या शरीरातल्या पाण्याच्या प्रमाणावर ठरतो, आणि तो थेंबांत असतो. त्यामुळे नाव कळले म्हणून दुकानातून आणून देऊ नये. त्याचप्रमाणे जागा बधिर करणारी मलमेही लावू नयेत, छोट्या पक्ष्यांना ती सहज विषारी ठरतात.

डॉक्टरांनी दिलेले औषध सुईशिवायच्या सिरिंजने पाजताना टोक चोचीच्या डाव्या कडेने आत घेऊन उजवीकडे रोखावे आणि थेंब-थेंब सोडावे, प्रत्येक थेंबानंतर त्याला गिळू द्यावे. पक्ष्याच्या श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मुळाशीच उघडे असते. सरळ समोरून पिचकारी मारली तर औषध फुप्फुसात जाऊ शकते. याच कारणाने मरगळलेल्या पक्ष्याच्या चोचीत पाणी ओतण्याची आपली जुनी सवयही सोडून द्यावी.

घरातला दवाखाना

खरी कसोटी डॉक्टरांकडून परत आल्यावर लागते, कारण उपचार वीस मिनिटांत संपतात आणि निगा आठवडेच्या आठवडे चालते. मोठा पिंजरा काही दिवस बाजूला ठेवून छोटा पिंजरा किंवा हवेशीर प्लास्टिकचा डबा घ्यावा, म्हणजे चढउतार कमी होते. त्यात दांडी तळापासून चार बोटे उंचीवर असावी, दाणे आणि पाणी उथळ वाटीत त्याच पातळीवर असावे, आणि तळाला किचन टॉवेलचा पांढरा कागद असावा. वर्तमानपत्रही चालते, पण पांढऱ्या कागदावर रक्त आणि विष्ठेचा रंग स्पष्ट दिसतो.

पक्ष्याच्या अंगाचे तापमान ४० ते ४२ अंश सेल्सिअस असते आणि ते टिकवण्यात त्याची बरीच शक्ती खर्च होते. आजारात पिंजऱ्याची एक बाजू २७ ते ३० अंशांवर ठेवली तर ती शक्ती जखम भरण्यासाठी उरते. पुण्यातल्या थंडीच्या रात्री मी पिंजऱ्याच्या बाहेर एका बाजूला टॉवेलमध्ये गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी ठेवायचे आणि आत तापमापी टांगायचे. दुसरी बाजू गारच ठेवावी, म्हणजे नको वाटले तर त्याला सरकता येते. पंख अंगापासून दूर धरून तो चोच उघडी ठेवून धापा टाकू लागला तर ऊब जास्त झाली, असे समजावे. त्या खोलीत उदबत्ती, कापूर, धूप आणि डासांची अगरबत्ती लावू नये, आणि स्वयंपाकघरात नॉनस्टिक भांडे तापवून विसरू नये. त्या लेपाची वाफ माणसाला जाणवतही नाही, पण पोपटाचा जीव काही मिनिटांत घेऊ शकते.

रोज सकाळी पहिली विष्ठा झाल्यावर आणि दाणे खाण्यापूर्वी त्याचे वजन करावे. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत मोजणारा वजनकाटा आणि त्यावर एक छोटी वाटी, एवढे पुरते. ९२ ग्रॅमचा टिकू तिसऱ्या दिवशी ८६ वर आला. दिसायला तो तसाच होता, वाटीपाशी जाऊन चोचही मारत होता. काट्याने मात्र सांगितले की तो दाणे फोडून टाकतो आहे, गिळत नाही. वजन दहा टक्क्यांनी घटले, म्हणजे त्याच्या बाबतीत ८३ च्या खाली गेले, तर वाट पाहू नका असे डॉक्टरांनी बजावले होते. एवढ्या छोट्या पक्ष्यासाठी एक पूर्ण दिवसाची उपासमारही गंभीर असते. मी त्याला राळ्याचे कणीस दिले, मऊ भात आणि मक्याचे कोवळे दाणे दिले, आणि त्याच्यासमोर बसून स्वतः जेवले, कारण थव्यातला पक्षी दुसऱ्याला खाताना पाहून खातो. पाचव्या दिवशी काट्यावर ८८ आले.

विष्ठेचे तीन भाग असतात: हिरवट-तपकिरी घट्ट भाग, पांढरा खडूसारखा भाग आणि भोवतीचे पाणी. ठिपक्यांची संख्या घटली आणि घट्ट भाग गडद हिरवा व बारीक झाला, तर तो खात नाही. डांबरासारखा काळा रंग म्हणजे आत रक्तस्राव.

जखमेकडे पाहताना दोन गोष्टी माणसांपेक्षा वेगळ्या असतात, आणि दोन्हींनी मला घाबरवले होते. तिसऱ्या दिवशी टिकूच्या पायावर हिरवा डाग दिसला तेव्हा मला वाटले की पाय सडतो आहे. प्रत्यक्षात ते मुक्या माराचे लक्षण होते. आपल्याकडे साकळलेले रक्त काळेनिळे, मग हिरवट आणि शेवटी पिवळे होते. हिरव्याचे पिवळे करणारे विकर (एन्झाइम) पक्ष्यांत नसते, म्हणून त्यांचा मुका मार हिरवाच राहतो आणि नंतर निवळतो. काळे, कोरडे आणि गार बोट ही वेगळी गोष्ट आहे, ते मेलेले बोट असते. दुसरे म्हणजे पू. पक्ष्यांच्या पांढऱ्या पेशींमध्ये पू पातळ करणारी द्रव्ये नसतात, त्यामुळे तो वाहत नाही. सुकलेल्या पनीरसारखा घट्ट गोळा होऊन आतच बसतो. म्हणून जखमेतून काही येत नाही यावर समाधान मानू नये. कडक, वाढत जाणारी गाठ दिसली तर ती दाबू नये, ती डॉक्टरांनी उघडून काढावी लागते.

टिकूच्या बोटाचे टोक वाचले नाही. अकराव्या दिवशी ते काळे टोक नखासह गळून पडले आणि खाली गुलाबी, बंद झालेली कातडी दिसली. हाड मोडलेले असते तर पायाला पट्टीचा छोटा आधार लागला असता. पक्ष्यांची हाडे माणसांपेक्षा लवकर, पुष्कळदा तीन आठवड्यांच्या आसपास जुळतात. पक्षी जखम किंवा पट्टी सतत कुरतडत असेल तर गळ्यात कॉलर घालण्याचा निर्णय डॉक्टरच घेतात, कारण कॉलरने काही पक्षी खाणेच सोडतात.

दुसरा पाय

ज्या पायाला काहीच झालेले नाही, तो मला वाटते सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. जखमी पाय दुखतो म्हणून पक्षी दिवसच्या दिवस सगळा भार निरोगी पायावर देतो. सारख्या जाडीच्या, गुळगुळीत दांडीवर तळव्याचे तेच ते ठिकाण दबते, तिथली खवल्यांची नक्षी पुसट होऊन कातडी चकचकीत गुलाबी दिसू लागते, मग ती फुटते, आणि जंतू आत शिरले तर सांध्यापर्यंत व हाडापर्यंत पोचतात. म्हणजे एका पायाची जखम बरी होते आणि दुसऱ्याची सुरू होते. यासाठी दर दोन दिवसांनी दोन्ही तळवे पाहावेत. पक्षी पिंजऱ्याच्या जाळीला धरून चढला की बाहेरून तळवा दिसतो, त्याला पकडावेही लागत नाही. कडुनिंबाच्या किंवा पेरूच्या, कीटकनाशक न मारलेल्या, वेगवेगळ्या जाडीच्या वेड्यावाकड्या फांद्या दांडी म्हणून लावाव्यात, आणि एक रुंद सपाट फळी ठेवावी, जिच्यावर तो पकड न घेता नुसता बसू शकेल. निव्वळ बाजरी आणि सूर्यफुलाच्या बियांवर वाढलेल्या पक्ष्यांत अ जीवनसत्त्वाची कमतरता असते आणि त्यांची कातडी लवकर फुटते. गाजर, लाल भोपळा, शेवग्याचा पाला आणि पालक बारीक चिरून द्यायला याच काळात सुरुवात करता येते, मात्र बिया अचानक बंद करू नयेत, नाहीतर वजन पुन्हा घसरते.

कॉकटिएल रात्री एकाएकी दचकून पिंजऱ्यात फडफडतात, हे त्यांच्या जातीतच आहे. जखमी असताना असे एकदा झाले तरी भरत आलेली जखम उघडते. खोलीत एक अगदी मंद दिवा रात्रभर ठेवल्याने टिकूचे असे दचकणे जवळजवळ थांबले. झोप दहा ते बारा तास मिळाली पाहिजे, त्यामुळे टीव्ही असलेली खोली आजारी पक्ष्यासाठी योग्य नाही.

खेळणी परत देताना

आमच्या घरी सगळा दोष आधी दोरीवर ढकलला गेला, आणि मीही तेच मानत होते. डॉक्टरांनी टिकूची उरलेली नखे भिंगाखाली दाखवली तेव्हा कळले की ती आकड्यासारखी वळेपर्यंत वाढली होती. दोरी कुरतडून तिचे तुसे बाहेर आले होते, नख त्यात अडकले, आणि रात्रीच्या अंधारात दचकल्यावर हिसके बसले. अशा तिन्ही गोष्टी जुळून आल्या होत्या. दोरी कापून फेकणे सोपे होते. नखे वेळच्या वेळी कापणे हे माझे काम होते, आणि ते राहिले होते.

खेळण्याशिवाय पोपट ठेवणे हा त्यावरचा उपाय नव्हे. कंटाळलेला पोपट स्वतःची पिसे उपटू लागतो, आणि त्यातून होणाऱ्या जखमा बऱ्या करणे आणखी अवघड असते. जखम बंद झाल्यावर सुरुवात टांगलेल्या खेळण्यांपासून करू नये. कागदाच्या पुडीत चार दाणे बांधून तळाला ठेवावेत, ज्वारीचे कणीस द्यावे, कोथिंबिरीची ओली जुडी जाळीत खोचावी. टिकू पहिले दहा दिवस कोणत्याही लोंबत्या वस्तूपासून दूर सरकायचा. त्याला जवळ ढकलले नाही, नवे खेळणे पिंजऱ्याबाहेर हातभर अंतरावर ठेवले आणि रोज थोडे जवळ आणले.

नवीन खेळणे पाहताना मी आता आधी त्याची कडी पाहते. आपल्या चाव्यांच्या जुडग्यात असते तशी दुपदरी वळलेली रिंग किंवा स्प्रिंगची कडी नको, कारण तिच्या फटीत चोच शिरते आणि परत येत नाही. स्टेनलेस स्टीलची, स्क्रूने घट्ट बंद होणारी कडी चांगली. पांढरी भुकटी धरलेला धातू टाकून द्यावा, ते जस्त असते. रिंगणातून डोके जाईल पण खांदे जाणार नाहीत असे माप सर्वांत वाईट. फटी असलेले गोल घुंगरू पूर्ण वर्ज्य. दोरी हवीच असेल तर इतकी आखूड असावी की तिचा फास मान किंवा पाय यांपैकी कशालाही बसणार नाही, आणि दर रविवारी तिचे सुटलेले धागे मुळाशी कापावेत. धागा बाहेर आलेला जुना टॉवेल, लोकरीचा तुकडा किंवा कापडी तंबू यांनाही हेच लागू आहे; कुरतडलेले धागे पोटात गेले तर अन्नपिशवीत त्यांचा गोळा होतो आणि तो शस्त्रक्रियेने काढावा लागतो.

सातव्या आठवड्यात टिकूचे वजन पुन्हा ९२ झाले. डाव्या पायाने तो दांडी धरतो, जाळीवर चढतो, झोपताना तोच पाय पोटाशी घेतो. डोक्यावरची नवी पिसे कोवळ्या आवरणातून बाहेर येताना त्याला खाज सुटते, आणि त्या पायाने खाजवायला गेला की बोट पूर्वीच्या जागी पोचत नाही. तेव्हा तो दांडीच्या टोकाशी येतो, तुरा खाली घालतो आणि मान वाकवून थांबतो. मी नखाच्या टोकाने ते पांढरे आवरण हलकेच चुरडते, आणि ते मिठाच्या कणांसारखे माझ्या बाहीवर पडते.